दीड किलोचा गाभा, पाच किलोंचं कवच

शंभर लिटरच्या विंडसर्फिंग बोर्डाच्या पोटात जो पांढरा फोम असतो, तो सगळा बाहेर काढून तोलला तर जेमतेम दीड किलो भरेल. पाणी बाजूला सारून माणसाला, मास्टला, शिडाला पेलून धरणारी सगळी जागा त्या दीड किलोने अडवलेली असते. अख्खा बोर्ड तोलला तर मात्र काटा साडेसहा-सात किलोंवर जातो. मधले पाच किलो कशाचे? थोडे शेपटीखालच्या पात्याच्या, म्हणजे फिनच्या पेटीचे, थोडे मास्टच्या खाचेचे, थोडे पायाखालच्या गाद्यांचे. पण मोठा हिस्सा बाहेरच्या सालीचा. काचतंतू, कार्बन, इपॉक्सी, रंग. जो भाग तरंगवतो त्याच्या तिप्पट वजन त्याला जपणाऱ्या भागांचं. नवा बोर्ड दोन्ही हातांत धरताना मला दरवेळी हे प्रमाण आठवतं आणि तो घडवणाऱ्याबद्दल आदर वाटतो. बोर्ड आपल्या घरी येण्याच्या कितीतरी आधी त्याला जपण्याचं बहुतेक काम होऊन गेलेलं असतं. कुठे थर वाढवला, कुठे मुद्दाम काढून घेतला, कुठे कड धारदार ठेवली आणि कुठे गोल केली, हे नीट पाहिलं की त्याला कुठे लागेल, कसं लागेल आणि आपण काय करायचं, हे त्याच्या अंगावरच वाचता येतं. नाकापासून शेपटीपर्यंत एक बोर्ड तसा सावकाश पाहू.

पहिल्या पिढीच्या बोर्डाकडे इतकं निरखून पाहायची वेळ येत नसे. कॅलिफोर्नियातले होइल श्वाइत्झर आणि वैमानिकी अभियंता जिम ड्रेक यांनी १९६८ मध्ये शिडाच्या बोर्डाच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९७० मध्ये ते मिळालं, आणि त्यातून जगभर गेलेला ‘विंडसर्फर’ हा १२ फूट लांब, पॉलिएथिलीनच्या जाड सालीचा, आत पॉलियुरेथेन फोम भरलेला बोर्ड होता. वाळूतून फरफटत न्यावा, दगडावर टेकवावा, त्याला फारसं काही होत नसे. ओरखडे पडत, पण ते वरवरचे. त्यांतून पाणी आत शिरत नसे. या निर्धास्तपणाची किंमत वजनाने चुकती व्हायची. मग १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हवाईतल्या कैलुआच्या किनाऱ्यावर लॅरी स्टॅन्ली आणि त्यांच्या मित्रांनी बोर्डावर पाय अडकवायचे पट्टे बसवले. आजचे फूटस्ट्रॅप ते हेच. पाय बोर्डाला बांधले गेले तसा बोर्ड लाटेवरून हवेत उडू लागला. आणि उडायचं म्हटलं की तो आखूड हवा, हलका हवा. तिथून पुढचा सगळा इतिहास वजन कमी करण्याचा आहे. आज ज्या जखमांना आपण घाबरतो त्यांतल्या बहुतेक त्या एका इच्छेतून आल्या आहेत.

आता साल कशी बनते ते पाहू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आधी पॉलिस्टायरिनच्या मण्यांचा फोम कापून, घासून बोर्डाचा आकार काढतात. टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा हा फोम, एका घनमीटरला साधारण पंधरा किलो भरणारा. त्यावर काचतंतूचं पातळ कापड इपॉक्सीत भिजवून बसवतात. त्यावर तीनेक मिलिमीटर जाडीचा, जास्त कठीण असा पीव्हीसी फोमचा थर. त्यावर पुन्हा काच किंवा कार्बन. काही बोर्डांत पाइनच्या लाकडाचा कागदासारखा पापुद्राही. मग सगळं पिशवीत घालून हवा ओढून घेतात, आणि वातावरणाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सारखा बसून थर एकमेकांत मुरतात. थायलंडमधल्या चोनबुरीच्या कोब्रा इंटरनॅशनल या कारखान्यात जगातल्या विंडसर्फिंग बोर्डांचा मोठा वाटा याच रीतीने तयार होतो; नावं वेगवेगळ्या कंपन्यांची, हात बऱ्याचदा तिथलेच.

यातली कल्पना फार देखणी आहे. दोन पातळ साली, आणि त्यांना एकमेकींपासून तीन मिलिमीटर दूर धरणारा मधला थर. त्याच दोन साली चिकटून असत्या तर सहज वाकल्या असत्या. दूर धरल्यामुळे त्या ताठ राहतात. तळहाताने दाबून पाहा, बोर्ड दगडासारखा उभा राहतो. पण हा ताठपणा पसरलेल्या भाराला आहे. बाहेरची साल स्वतः मिलिमीटरभरही जाड नसते. स्क्रूड्रायव्हर हातातून निसटून टोकावर पडला, गाडीच्या दाराची कड लागली, कमरेला बांधायच्या हार्नेसचा हूक घासला, तर तिथे फक्त ती पातळ साल आणि तिच्याखालचा मऊ थर एवढेच उभे असतात. शंभर किलोंचा माणूस बोर्डावर निर्धास्त नाचू शकतो, आणि तोच बोर्ड भिंतीवरून घसरून फरशीच्या कोपऱ्यावर आपटला तर फुटतो. बोर्ड जपणं म्हणजे भार एका बिंदूवर येऊ न देणं. कारखान्यातल्या आणि घरातल्या सगळ्या युक्त्या शेवटी एवढंच करतात.

नाकापासून सुरुवात करू, कारण नव्या बोर्डाला पहिली जखम बहुधा तिथेच होते. माणूस हार्नेसने शिडाला अडकलेला असतो. झोत आला, नाक लाटेत घुसलं किंवा फिनमध्ये शेवाळ अडकलं, की बोर्ड एकदम थांबतो आणि शीड थांबत नाही. माणूस शिडासकट पुढे फेकला जातो. मास्ट खाली एका सांध्याने बोर्डाला जोडलेला असल्यामुळे तो त्या सांध्याभोवती फिरतो आणि नाकावर येऊन आदळतो. जुन्या लांब बोर्डांत सांध्यापासून नाकापर्यंतचं अंतर आणि सांध्यापासून बूमपर्यंतची, म्हणजे हातात धरायच्या आडव्या दांडीपर्यंतची, उंची जवळजवळ सारखी पडायची, त्यामुळे बूमचं पुढचं टोक नेमकं नाकावर बसायचं. आताचे बोर्ड आखूड झाले, बूम नाकाच्या पलीकडे जाते, आणि मास्टची नळी नाकाच्या कडेवर पडते. मार तोच, फक्त मारणारा बदलला.

नाकाचं संरक्षक कवच घ्यावं की नाही यावर पाण्यावरची माणसं तावातावाने बोलतात. माझं मत स्पष्ट आहे: शिकणाऱ्याने आणि शिकण्याच्या पुढच्या पायरीवर असलेल्याने घ्यावंच. हार्नेस नुकता वापरायला लागलेला माणूस सर्वांत जास्त फेकला जातो, आणि त्याच टप्प्यावर तो पहिला चांगला बोर्ड विकत घेतो. कवच कसं निवडावं यात मात्र रसिकता हवी. जाड फोमचा ढोबळ गोळा नाकावर डकवलेला मला बघवत नाही, आणि दिसण्याची बाब सोडली तरी टोकावरचं वजन सांध्यापासून सर्वांत लांब असल्याने पायांना ते लगेच कळतं. नाकाच्या वळणाबरोबर जाणारं, कडेला पातळ होत गेलेलं, मार पसरवणारं कवच चांगलं. ते चिकटवण्याआधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसून कोरडा करावा, कारण खाली फट राहिली तर खारं पाणी तिथे साचतं. आणि कवच आहे म्हणून त्याखाली काय झालं आहे हे पाहायचं सोडू नये; मोठ्या आपटीनंतर कड हाताने चाचपावी. दुसरा उपाय मास्टवर करता येतो: बूमच्या खालच्या भागात मास्टला मऊ वेष्टण. यात वजन बोर्डावर पडत नाही, शिडावर पडतं. सांध्यावर बसणारी जाड गादीही याच घराण्यातली. शीड आडवं पडताना मास्ट आणि बूम डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूवर, आपटतात तो मार ती घेते, आणि पायाची बोटंही वाचवते.

स्पर्धेच्या बोर्डांची गोष्ट वेगळी. २००८ च्या बीजिंगपासून टोकियोपर्यंत ऑलिम्पिकमध्ये राहिलेला आरएस-एक्स हा वन-डिझाइन बोर्ड होता; याच वर्गात इबाद अलीने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. वन-डिझाइनमध्ये सगळ्यांचा बोर्ड एकसारखा, त्यामुळे मनाला येईल तिथे थर चढवण्याची मुभा नसते. तो बोर्ड आजच्या फ्रीराइड, म्हणजे नुसत्या मौजेसाठीच्या, बोर्डांच्या दुपटीहून जड होता. हे मला जड बनवण्यातलं शहाणपण वाटतं: बोर्ड लवकर मऊ पडणारा असेल तर दरवर्षी नवा घेऊ शकणारा खेळाडू पुढे जाईल. तिथे टिकाऊपणा हा निष्पक्ष स्पर्धेचाच भाग होतो.

नाकाकडून मागे येताना, मास्टच्या खाचेच्या आसपास, एक लहानसा स्क्रू दिसतो. रुपयाच्या नाण्याएवढाही नाही. सगळ्या बोर्डात मला सर्वांत आवडणारी जागा ही. याला व्हेंट म्हणतात, आणि तो बोर्डाला श्वास घेऊ देतो.

गाभ्यातल्या मण्यांमध्ये आणि त्यांच्या फटींत हवा आहे. दीड किलोच्या फोममध्ये जवळजवळ सगळी हवाच आहे. बोर्ड सगळीकडून बंद. तो २५ अंशांवर बंद केला आणि मे महिन्यात बंद गाडीत आतली हवा ६५ अंशांवर गेली असं धरा. जागा वाढत नाही, म्हणून दाब वाढतो: साधारण तेरा टक्के. आकडा लहान वाटतो. पण तो वातावरणाच्या दाबाच्या तेरा टक्के आहे, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ १४०० किलोंचा रेटा, आतून बाहेर. पातळ साल बाहेरच्या धक्क्यांना तोंड द्यायला बनवलेली. आतून सोलून काढणाऱ्या रेट्याला तिच्याकडे फक्त गोंदाची पकड आहे. उन्हाने तेवढ्यात तोही मऊ झालेला असतो. मग डेकवर एक फुगवटा येतो, साल फोमपासून सुटते, आणि दोन सालींना दूर धरून ताठ ठेवणारी ती देखणी रचना तेवढ्या भागापुरती संपते. काळ्या कार्बनच्या बोर्डांना हा धोका जास्त, आणि बऱ्याच बोर्डांचा तळ पांढरा ठेवण्यामागे हे एक कारण आहे.

विमानात उष्णता नसते, उलट बाहेरचा दाब कमी होतो. सामानाच्या कप्प्यातही केबिनइतकाच दाब असतो, आणि तो ८००० फुटांवरच्या हवेएवढा खाली जाऊ शकतो. तेव्हा चौरस मीटरला अडीच टनांहून अधिक रेटा. म्हणून विमानात बोर्ड द्यायच्या आधी व्हेंट उघडायचाच. कोकणातून घाट चढून पुण्याकडे बोर्ड नेताना फरक एवढा मोठा नसतो, तरी चौरस मीटरला साडेसहाशे किलोंच्या आसपास जातो, आणि वर गाडीच्या टपावरचं ऊन. तिथेही उघडावा.

याच गणिताची दुसरी बाजू कमी लोकांच्या लक्षात येते. पुळणीवर तापलेला बोर्ड पाण्यात टाकला की आतली हवा झपाट्याने थंड होते आणि आकसते. आता बोर्ड आतून ओढतो. त्याच्या अंगावर केसाएवढी चीर असेल तर ती नुसती गळत नाही. पाणी आत खेचून घेते. एवढीशी भेग असून बोर्ड एवढा जड कसा झाला, या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथे असतं. म्हणून पाण्यात जाण्यापूर्वी बोर्ड सावलीत ठेवणं ही नजाकत नाही, ती गरज आहे. सावली नसेल तर उलटा ठेवून पांढरा तळ वर करावा, किंवा ओला टॉवेल टाकावा.

आता बऱ्याच बोर्डांत व्हेंटवर अशी पातळ पडदी असते की हवा जाते पण पाणी जात नाही. ज्याच्या बोर्डावर ती आहे त्याने स्क्रूला हात लावू नये. साधा स्क्रू असेल तर तो रोज उघडायच्या आणि रोज बंद करायच्या सवयीच्या मी विरुद्ध आहे. रबरी कडी झिजते, आटे ढिले होतात, आणि एखाद्या दिवशी उघडाच राहतो. किनाऱ्यावरच्या नेहमीच्या वापरात बंद ठेवावा, बोर्ड सावलीत ठेवावा. विमान, घाट आणि तापलेली गाडी यांसाठीच उघडावा. उघडला की मास्टच्या खाचेवर आडवी रंगीत चिकटपट्टी लावावी. मास्ट बसवायला गेलं की पट्टी आडवी येणार, आणि ती काढताना स्क्रूची आठवण होणार. बंद करताना रबरी कडीवर वाळूचा कण नाही ना हे बोटाने पाहावं, आणि कडी दाबली जाईल एवढंच आवळावं.

डेकच्या मागच्या भागात फूटस्ट्रॅप येतात आणि त्यांच्याबरोबर टाचा. उडी मारून खाली येताना सगळा भार दोन टाचांवर येतो, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. चांगला कर्ता इथे कार्बन वाढवतो, गादी जाड देतो, काही वेळा पीव्हीसीचा थर दुहेरी करतो. बोर्ड विकत घेताना उत्पादकाच्या तपशिलात हा भाग वाचावा; नुसता कार्बन हा शब्द पाहून पैसे देऊ नयेत, तो कुठे घातला आहे ते विचारावं. टाचेखालचा भाग अंगठ्याने दाबून अधूनमधून पाहत राहावं. तो मऊ लागू लागला की साल फोमपासून सुटायला लागली आहे. फूटस्ट्रॅपचे स्क्रू प्लास्टिकच्या प्लगांत बसतात आणि ते हातानेच आवळायचे असतात. बॅटरीच्या ड्रिलने आवळला की प्लगातले आटे फिरून जातात, आणि मग त्या भोकातून पाणी आत जायचा रस्ता तयार होतो. पाय घसरू नये म्हणून रंगात मिसळलेली खरखरीत भुकटी हा डेकचाच भाग आहे. दोन बोर्ड डेकला डेक लावून रचले की ते एकमेकांना सँडपेपरसारखे घासतात. मध्ये ब्लँकेट घालावं.

शेपटीकडे मात्र थांबून पाहायला हवं. बोर्डाच्या पुढच्या भागात कडा गोल असतात, कारण तिथे पाणी कडेवरून वर गुंडाळून जावं आणि वळताना पकड मिळावी असं हवं असतं. मागे येता येता तीच कड तीक्ष्ण होत जाते आणि शेपटीजवळ तळ व बाजू यांच्यात धारदार कोपरा उरतो. बोर्ड पाण्यावर उचलला गेला की शेवटचा हातभर तळच पाण्याला लागतो, आणि पाणी तिथून एकदम सुटायला हवं. कोपरा गोल असेल तर पाणी कडेला चिकटून वर चढतं आणि बोर्डाला मागे ओढतं. वेग त्या एका धारदार रेषेत आहे. बोर्डावरची सर्वांत नाजूक जागा हीच, कारण धारदार कोपऱ्याला काचतंतूचं कापड नीट वळत नाही. टोकावर बहुधा नुसती इपॉक्सी आणि रंग असतो.

म्हणून शेपटीवर बोर्ड टेकवायचा नाही. उभा करायचा तर खाली मऊ काहीतरी हवं, आणि खरं तर वाऱ्यात तो उभा करूच नये. शीड नसतानाही बोर्ड वाऱ्याने उलटतो. वाळूतून शेपूट ओढत नेणं हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग आळस आहे. एक हात बूमवर आणि एक हात पुढच्या फूटस्ट्रॅपमध्ये धरून दोन्ही एकदम उचलायची सवय लागली की मग ओढण्याची गरजच राहत नाही. आणि इथे मी सरसकट पारदर्शक फिल्म लावण्याच्या सल्ल्याच्या विरोधात आहे. नाकावर, बाजूच्या पुढच्या कडेवर ती चालेल. शेपटीच्या धारदार कोपऱ्यावर ती लावली की कोपरा बोथट होतो, आणि ज्यासाठी बोर्ड घेतला तेच झाकलं जातं.

फिनची पेटी या शेपटीच्या पोटात आहे. बोर्ड पाण्यावर सरकू लागला की बाजूला सरकण्याला अडवणारा सगळा भार फिनवर येतो, आणि फिन तो पेटीला देते. टटल पेटीत फिनचं डोकं निमुळतं असतं आणि दोन बोल्टांनी ते वरून खेचून पाचरीसारखं घट्ट बसवतात. पॉवर बॉक्समध्ये एकच बोल्ट, फिनचं डोकं इथेही निमुळतं. पाचर फार खेचली तर पेटी उकलते. ढिली राहिली तर प्रत्येक लाटेला फिन आतून पेटी झिजवते. वाळूचा एक कण आत राहिला तरी पाचर सगळीकडून टेकत नाही. फिन बसवण्याआधी डोकं आणि पेटी दोन्ही गोड्या पाण्याने धुऊन पुसणं हा पाच सेकंदांचा नेम आहे, आणि शेपटीचं आयुष्य त्यावर ठरतं. पूर्वी फिन हातभर खाली जायची. आता ऑलिम्पिकमध्येही फॉइलचा, म्हणजे पाण्याखालच्या पंखावर उचलला जाणारा, बोर्ड आला आहे आणि फॉइलची दांडी जवळजवळ मीटरभर खाली उतरते. तिच्या टोकाला जमीन लागली तर तेवढ्या लांबीची तरफ पेटीवर फिरते. म्हणून फॉइलसाठी खोल पेटी देतात. ज्या पेटीवर उत्पादकाने फॉइल चालेल असं सांगितलेलं नाही तिच्यात फॉइल लावू नये.

गोव्यात दोना पावलाच्या बाजूला जांभ्याचे कातळ पाण्याखाली पसरलेले आहेत आणि त्यांवर कालवं धरलेली असतात. भरतीला काही दिसत नाही. दुपारी खारे वारे चढतात तेव्हा पाणी ओसरत असेल तर परत येताना फिनला पहिली खबर कातळच देतो. कालवाची कड फिनच्या पुढच्या धारेला खाचा पाडते, आणि मोठी धडक बसली तर फिन वाचते पण पेटी शेपटीतून उपटून निघते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहणं इथे बोर्डाच्या संरक्षणातच मोडतं. गुडघाभर पाण्यापर्यंत बोर्ड उचलून न्यायचा, आणि परत येताना गुडघाभर पाणी उरलं की उतरायचं.

जमिनीवरची बाकीची काळजी थोडक्यात सांगता येते. गाडीच्या टपावर बोर्डाखाली गादी, पट्टे हाताने ओढून आवळायचे साधे. रॅचेटचे पट्टे कडा चेपून टाकतात, कारण त्यांची ताकद हाताला कळत नाही. पट्ट्याचं धातूचं बक्कल बोर्डाला टेकता कामा नये. खारं पाणी वाळलं की मिठाचे खडे स्क्रूंत आणि सांध्यात बसतात, म्हणून साध्या गोड्या पाण्याने धुवावं. जोराच्या फवाऱ्याने नाही. चांदी लावलेल्या पिशवीत बोर्ड उन्हातून वाचतो, पण ओला बोर्ड पिशवीत बंद करून उन्हात ठेवला तर रंगाखाली बारीक फोड येतात. मास्टच्या सांध्यातला रबरी तुकडा दर महिन्याला वाकवून पाहावा. त्यात चिरा दिसल्या की तो बदलावा, आणि त्याच्याबरोबर असलेली सुरक्षेची दोरी तपासावी.

तरीही जखम होणार. नव्या बोर्डाला जपण्याची सर्वांत उपयोगी पायरी म्हणूनच तो पाण्यात जाण्याआधीची आहे: त्याला फिन आणि फूटस्ट्रॅपशिवाय काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवावं. छापील आकड्यावर विसंबू नये, हाताने घडवलेल्या दोन बोर्डांत फरक असतो. मग डेकवर आणि तळावर सगळीकडे नाण्याने हलकेच टकटक करत जावं. बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून ऐकतो, तसंच. साल पक्की असेल तिथे आवाज कोरडा, चटकन थांबणारा येतो. सुटलेली असेल तिथे पोकळ, बसका. नवा बोर्ड असा एकदा ऐकून ठेवला की पुढे कुठे काय बिघडलं ते कानाला कळतं. डोळ्यांना दिसणारा ओरखडा आणि कानाला कळणारी सूट यांत मी दुसरीला जास्त घाबरतो.

चीर पडली की त्या दिवशी पुन्हा पाण्यात जायचं नाही. तिथे जाड चिकटपट्टी लावून आणखी तासभर वारा घ्यायचा मोह होतो, पण तापलेला बोर्ड थंड पाण्यात ओढत असतो हे वर सांगितलंच. मण्यांच्या फटींत शिरलेलं खारं पाणी लवकर बाहेर येत नाही. चीर खाली करून, व्हेंट उघडून, बोर्ड सावलीत हवेशीर ठेवावा. नंतर सुटलेली साल कापून काढावी आणि खाली फोम पिवळट व ओला असेल तर तोही.

बुजवायला इपॉक्सीच लागते. होडी दुरुस्तीच्या दुकानात स्वस्त पॉलिएस्टर राळ मिळते. तिच्यात स्टायरिन असतं आणि स्टायरिन पॉलिस्टायरिनला विरघळवतं. वरून दुरुस्ती छान दिसते, आत फोममध्ये पोकळी होत जाते. इपॉक्सीतही एक धोका आहे: एकाच वेळी जाड भरली तर ती बसताना तापते आणि खालचा फोम वितळवते, म्हणून पातळ थर, मध्ये थांबून. मोठ्या जखमेत पीव्हीसी फोमचा तुकडा पुन्हा बसवल्याशिवाय वर काच चढवू नये, नाहीतर दोन साली एकमेकींवर येतात आणि तेवढी जागा पुन्हा दबते. शेपटीचा कोपरा तुटला असेल तर बाहेरून पट्टी लावून साचा करावा, इपॉक्सीत बारीक काचतंतू मिसळून भरावं, आणि बसल्यावर सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासावं. नुसत्या बोटाने पेपर धरून घासलं तर कोपरा गोल होतो. धार नखाला लागेपर्यंत थांबू नये.

सगळं वाळल्यावर बोर्ड पुन्हा काट्यावर ठेवावा. लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा शंभर-दीडशे ग्रॅम जास्त भरला तर ती काच आणि इपॉक्सी. अर्धा किलो जास्त भरला तर आत अजून पाणी आहे: व्हेंटचा स्क्रू काढून, भोक खाली करून, तो सावलीत काही आठवडे तसाच ठेवावा, आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर आठवड्याला तोलत राहावा.